कळप कुणाचा? न्हावा शेव्याच्या काठावरून यहुदी नबी वाचताना

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जमातीची निवडणूक होती. मुतवल्लीपदासाठी दोन पॅनल उभी राहिली. एका जुम्म्याला नमाज संपवून बाहेर आलो, तर मशिदीच्या दारात हँडबिल वाटणं चाललं होतं. वर बिस्मिल्लाह, खाली उमेदवारांचे फोटो आणि मधोमध ठळक अक्षरांत एका प्रसिद्ध हदीसचा आधार घेऊन लिहिलेलं: नेता म्हणजे समाजाचा मेंढपाळ. त्याखाली आवाहन, की मेंढपाळाच्या मागे एकजुटीने उभे राहा.

हँडबिल खिशात घालून मी दुसऱ्या पाळीला न्हावा शेव्याला आलो. इथल्या एका कंटेनर यार्डात मी कागदपत्रांचं काम करतो, बावीस वर्षं झाली. संध्याकाळी पनवेलचे एक काका भेटायला आले होते. काका बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. बंदराच्या कामातून निवृत्त झालेत, पण चहाला अधूनमधून येतात. मी गंमत म्हणून त्यांना हँडबिल दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाले, "अरे, मेंढपाळ आहे ते ठीक. पण हिशेब कुठाय? आमच्या यहेज्केल नबींनी तर मेंढपाळांना अख्खा अध्यायभर हिशेब विचारलाय."

मी गप्प झालो. कारण ती हदीस मलाही पाठ होती. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ती आहे. तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे असं सांगून प्रेषित (स.) थांबत नाहीत. प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल जाब द्यावा लागेल, हे लगेच जोडून येतं. हँडबिल छापणाऱ्यांनी पहिला भाग घेतला होता आणि दुसरा गाळला होता. आणि हे माझ्या लक्षात यायला एका यहुदी माणसाची गरज पडली, याची थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरातलं जुनं मराठी बायबल आणून दिलं. यहेज्केलच्या ३४ व्या अध्यायात बसची दोन तिकिटं खूण म्हणून घातली होती. पुढचे तीनेक महिने रात्रपाळीत ट्रेलर यायची वाट पाहताना मी हे नबी वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे बनी इस्राईल

'इस्रायल' हा शब्द उच्चारला की आज आपल्या मनात पॅलेस्टाईन येतं, गाझा येतं, आणि मन कडवट होतं. ते स्वाभाविक आहे. पण ज्या किनाऱ्यावर मी हे लिहितो आहे तिथे हा शब्द त्या राष्ट्राच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून शेजाऱ्याचं नाव म्हणून वापरात होता. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे.

बेने इस्रायलींची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढे वाचले. पुढे ही माणसं रायगडच्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली गेली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, नवगावचे ते नवगावकर. बोलायला मराठी, नेसायला नऊवारी.

त्यांच्याकडे पोथ्या उरल्या नव्हत्या. शनिवार, सुंता, खाण्यातली बंधनं आणि 'शमा' ही एकेश्वराची साक्ष देणारी प्रार्थना, एवढं त्यांनी जपलं. पुढे दावीद रहाबी नावाचे एक विद्वान आले, त्यांनी ही माणसं ओळखली आणि त्यांच्यातल्या तिघांना धर्माचं शिक्षण देऊन समाजाचे पुढारी नेमलं, असंही परंपरा सांगते. त्या पुढाऱ्यांना काय म्हणत? काझी. गावकीचा कारभार पाहणारा मुकादम आणि धर्मविधी व तंटे पाहणारा काझी. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या बेने इस्रायलींच्या इतिहासात ही सगळी व्यवस्था नोंदवली आहे. तो ग्रंथ छापून आला १९३७ साली.

सिनेगॉगला ते 'मशीद' म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. ती 'जुनी मशीद'. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. हे कैदी बनी इस्राईल आहेत, कुरआनात ज्यांचं नाव येतं तेच हे, असं कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, अशी आठवण त्यांच्यात सांगितली जाते. आख्यायिका म्हणा. पण दोन समाज एकमेकांना कोणत्या शब्दांनी ओळखत होते ते तिच्यातून कळतं.

या लोकांकडे राजा नव्हता आणि त्यांच्यात कुणी नबीही उभा राहिला नाही. एक नबी मात्र त्यांनी कधी सोडला नाही: एलियाहू हनाबी, आपले हजरत इलियास (अ.). अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा अग्निरथ आकाशात गेला तेव्हा इथे टेकला आणि घोड्याच्या टापा व रथाच्या चाकांचे ठसे उमटले, अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला तिथे मलिदा नेतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. मलिदा हा शब्द आपल्या घरांत परका नाही. त्यांच्या जुन्या सणांच्या यादीत तर 'एलियाहू हनाबीचा उरूस' असंच नाव आहे.

नबींनी राजांचाच शब्द उचलला

यहुदी धर्मग्रंथांचे तीन भाग आहेत. त्यांतल्या मधल्या भागाला 'नवीईम' म्हणतात. नवी, म्हणजे आपला नबी, शब्द एकच. त्यात यशया, यिर्मया, यहेज्केल, आमोस असे नबी येतात आणि न्यायाधीश, शमुवेल व राजे यांचे इतिहासही त्याच भागात मोडतात. राजांचा इतिहास नबींच्या पुस्तकांत का? वाचलं की कारण कळतं. त्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक राजाची झडती घेतलेली आहे.

राजाला मेंढपाळ म्हणण्याची कल्पना काही नबींची नव्हे. बाबेलचा हम्मुराबी इ. स. पू. १७५० च्या आसपास आपल्या प्रसिद्ध कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतो. मिसरच्या फिरऔनाच्या हातात जी आकड्यासारखी वळलेली काठी दिसते तीही मेंढपाळाचीच. म्हणजे ही दरबारी स्तुती होती. आमच्या गावच्या हँडबिलाची परंपरा फार जुनी आहे.

नबींनी हाच शब्द उचलला आणि त्याचं आरोपपत्र केलं. यहेज्केल इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून कैद करून बाबेलला नेलेल्यांपैकी एक. इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं. ती बातमी निर्वासितांपर्यंत पोचल्यानंतर हा ३४ वा अध्याय येतो. म्हणजे हम्मुराबीच्याच भूमीवर, कालव्याच्या काठी बसून, सगळं गमावलेला एक माणूस विचारतो आहे, की हे कुणामुळे झालं?

त्याचं उत्तर आहे: मेंढपाळांमुळे. त्यांनी चरबी खाल्ली, लोकर पांघरली, धष्टपुष्ट मेंढ्या कापल्या, पण कळप चारला नाही. अशक्ताला बळ दिलं नाही, आजाऱ्याला औषध दिलं नाही, मोडलेल्या पायाला पट्टी बांधली नाही, भरकटलेलं परत आणलं नाही, हरवलेलं शोधलं नाही. जे केलं ते दांडगाईने केलं. ही यादी वाचताना माझ्या लक्षात आलं, की यात शौर्य, वक्तृत्व, घराणं यांपैकी एकही गोष्ट नाही. राखणदाराची परीक्षा कळपातल्या सर्वांत लंगड्या मेंढीवरून होते. आणि शेवटी देव म्हणतो, की आता कळप मीच पाहीन. थोडक्यात, या मेंढपाळांना कामावरून काढलं आहे.

रयत

आता भाषेची एक गोष्ट. हिब्रूत मेंढपाळाला 'रोए' म्हणतात. अरबीत 'राई'. दोन्ही भाषा बहिणी, आणि दोन्ही शब्दांचं मूळ एकच, चारणं व राखणं. हदीसमध्ये प्रत्येक जण 'राई' आहे असं येतं आणि ज्याच्याबद्दल जाब द्यायचा त्याला शब्द येतो 'रईयत', म्हणजे राखलेला कळप. फारसीच्या वाटेने हाच शब्द मराठीत आला. रयत!

मला हे कळलं तेव्हा मी टेबलावरचा चहा विसरलो. रयतेचा राजा, रयतवारी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेली रयत शिक्षण संस्था. हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्यात एक मेंढपाळ दडून बसला आहे याची जाणीवही नसते. यहेज्केल ज्यांना हिशेब विचारतो ते 'रोईम' आणि आपल्या तलाठ्याच्या दप्तरातली 'रयत' हे शब्द एकाच मुळातून फुटले आहेत. रयत म्हटलं की तिची राखण कुणाकडे आहे आणि ती नीट चालली आहे का, हा प्रश्न त्या शब्दातच आहे.

शिवाय आपल्याकडे हेही सांगितलं आहे, की मेंढ्या राखल्या नाहीत असा एकही नबी झाला नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) मक्केवाल्यांची मेंढरं मजुरीवर राखली. तौरातमधले मूसा (अ.) मेंढपाळ, दाऊद (अ.) मेंढपाळ. आमोस नबी तर तकोवा गावचा गुराखी. मेंढ्या राखणारा माणूस कळपाचा मालक नसतो. संध्याकाळी मोजून परत द्यायच्या असतात.

दाऊद (अ.) राजे झाल्यावरही मेंढी त्यांची पाठ सोडत नाही. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान नबी त्यांना एक गोष्ट सांगतो: श्रीमंताकडे पुष्कळ कळप, गरिबाकडे पोरीसारखी वाढवलेली एकच मेंढी, आणि पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने कापली ती गरिबाची. त्या ग्रंथात दाऊदांवर जो आरोप आहे तो आपली परंपरा नबीच्या बाबतीत मानत नाही, आणि मीही मानत नाही. पण कुरआनातही, सूरह सादमध्ये, दाऊदांच्या (अ.) इबादतीच्या जागी भिंत ओलांडून दोन भांडणारे येतात. एकाकडे नव्व्याण्णव मेंढ्या, दुसऱ्याकडे एक, आणि ती एकही पहिल्याला हवी आहे. दाऊद (अ.) निवाडा देतात, आपली परीक्षा झाली हे ओळखतात आणि सजद्यात जातात. त्यानंतरच त्यांना सांगितलं जातं, की तुला जमिनीवर खलिफा केलं आहे, न्यायाने निवाडा कर, मनाच्या ओढीमागे जाऊ नकोस. दोन्ही ग्रंथांत राजाला सावध करायला सैन्य आलेलं नाही. एका मेंढीची गोष्ट आली आहे.

झुडूप, देवदार आणि खुंटी

मेंढपाळ ही एकच प्रतिमा नबींकडे आहे असं नाही. न्यायाधीशांच्या पुस्तकात योथाम नावाचा तरुण डोंगरावर उभा राहून लोकांना झाडांची गोष्ट सांगतो. झाडांना राजा हवा होता. जैतुनाकडे गेले, तो म्हणाला माझं तेल कोण देईल? अंजीर म्हणाला माझा गोडवा सोडून येऊ का? द्राक्षवेलीनेही नकार दिला. शेवटी काटेरी झुडपाकडे गेले. ते लगेच तयार झालं आणि म्हणालं, या माझ्या सावलीत, नाहीतर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनचे देवदार जाळेल. कोकणात सांगायची तर आंबा, फणस, नारळ यांनी नकार दिला आणि बोरीचं झुडूप राजा झालं. काटेरी झुडपाला सावली नसते, हे गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पण मला यात दोष फक्त झुडपाचा दिसत नाही. फळं देणारी झाडं आपापल्या वाडीत सुखी होती म्हणून ही वेळ आली. आमच्या जमातीतले शिकलेले, निवृत्त, हिशेब जाणणारे लोक 'आम्हाला त्या भानगडीत ओढू नका' म्हणतात, तेव्हा मला योथामचा अंजीर आठवतो.

यिर्मया यहोयाकीम राजाला देवदाराच्या लाकडावरून गाठतो. राजाने ऐसपैस माड्यांचा, खिडक्यांचा, देवदाराने मढवलेला, लाल रंग दिलेला महाल बांधला आणि मजुरांना मजुरी दिली नाही. नबी त्याला विचारतो, की देवदार जास्त लावला म्हणून का तू राजा? तुझा बापही खात-पीत होता, पण गरिबाचा न्याय करत होता. कमिटीच्या कार्यालयाला नव्या फरशा बसल्या आणि मुअज्जिनचा पगार तीन महिने थकला, असं एखाद्या जमातीत घडलं असेल तर तिथे वाचण्यासारखा हा उतारा आहे.

यशयाची खुंटीची प्रतिमा मला सर्वांत घरगुती वाटली. शेबना नावाचा कारभारी स्वतःसाठी डोंगरात कबर कोरून घेत होता. त्याला काढून एल्याकीमला नेमलं जातं, घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर दिली जाते, आणि भिंतीत घट्ट ठोकलेल्या खुंटीसारखा तो असेल असं म्हटलं जातं. इथपर्यंत स्तुती. मग त्या खुंटीवर बापाच्या घराण्याची सगळी भांडी लटकतात, वाट्यांपासून घागरींपर्यंत. भाचा, मेहुणा, चुलतभाऊ. आणि एक दिवस खुंटी निखळते आणि सगळं खाली येतं. एल्याकीम वाईट माणूस होता असं यशया म्हणत नाही. वजन जास्त झालं, एवढंच.

जहाज

बंदरात काम करणाऱ्या माणसाने यहेज्केलचा २७ वा अध्याय वाचायलाच हवा. सोर, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं टायर, हे त्या काळचं न्हावा शेवा. नबी त्या शहराला जहाज समजून मर्सिया लिहितो. फळ्या कुठल्या लाकडाच्या, डोलकाठीला लबानोनचा देवदार, वल्ह्यांना बाशानचा ओक, शिडाला मिसरचं तागाचं कापड, वल्हेकरी सिदोन आणि अर्वदचे, सुकाणूवर सोरचेच शहाणे. मग मालाची यादी सुरू होते: चांदी, लोखंड, कथील, शिसं, घोडे, हस्तिदंत, आबनूस, गहू, मध, तेल, मसाले. मी रोज जी बिल ऑफ लेडिंग तपासतो तिच्यापेक्षा ही फार वेगळी नाही. फक्त माझ्या कागदावर 'माणसं' हा माल नसतो. सोरच्या यादीत गुलामही आहेत, भांड्यांच्या शेजारी लिहिलेले.

पुढे वल्हेकरी जहाजाला खोल पाण्यात नेतात, पूर्वेचा वारा येतो आणि जहाज फुटतं. माल, खलाशी, सुकाणूवाले शहाणे, सगळे एकदमच बुडतात. पुढच्याच अध्यायात नबी सोरच्या अधिपतीकडे वळतो, जो समुद्राच्या मधोमध बसून स्वतःला देव समजत होता.

आमच्या किनाऱ्यावर होडीच्या पुढाऱ्याला तांडेल म्हणतात, मोठ्या गलबताच्या मालकाला किंवा कप्तानाला नाखवा. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. 'खुदा' हा शब्दच त्यात आहे. कोकणी मुसलमानांत नाखवा, नाखुदा अशी आडनावं आहेत. पण तांडेल किंवा नाखवा होडीबाहेर नसतो. वारा फिरला तर तोही भिजतो. ज्या पुढाऱ्याला जहाज बुडताना किनाऱ्यावर उभं राहता येतं त्याला आमच्याकडे कुणी तांडेल म्हणणार नाही.

नाबोथचा मळा

न्हावा आणि शेवा ही दोन गावांची नावं. बंदर सुरू झालं २६ मे १९८९ रोजी. त्याआधी इथे भातशेती होती, मिठागरं होती, कोळीवाडा होता. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं बंदरासाठी उठवून दुसरीकडे वसवली गेली. त्याआधी नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या जमिनींचं संपादन सुरूच होतं, आणि मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. मी तेव्हा दुसरीत होतो. बाजार बंद होता आणि घरातली माणसं रेडिओला कान लावून बसली होती, एवढंच आठवतं. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं ते या आंदोलनातून.

एलियाहूची गोष्ट मी या जमिनीवर वाचली. अहाब राजाला महालाशेजारच्या नाबोथचा द्राक्षमळा भाजी लावायला हवा होता. बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर रोख देतो, असं तो म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देत नाही. राजा न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यावर राजाची मोहर उठवली, गावात उपवास जाहीर करवला आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथवर देवाची व राजाची निंदा केल्याचा आळ आला, दगडांनी त्याचा जीव घेतला. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरला तर तिथे एलियाहू उभा. खूनही केलास आणि वारसाही बळकावलास का, असा त्याचा प्रश्न होता.

ही आणि १९८४ ची गोष्ट एक नाही. इथे मोबदला होता, वाटाघाटी होत्या, निवडून आलेलं सरकार होतं. पण 'वाडवडिलांची जमीन आहे' हे वाक्य उरणच्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडी चपखल बसेल. आणि या गोष्टीत सत्तेची दोन चिन्हं, राजाची मोहर आणि धर्माचा उपवास, एकाच गुन्ह्यात वापरली गेली आहेत. म्हणून या किनाऱ्याने ज्या नबीला खडकावर रथाच्या खुणांसकट जपलं, तो राजाच्या तोंडावर जमिनीचा हिशेब मागणारा नबी होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. बेने इस्रायलींकडे सुंतेच्या वेळी एक खुर्ची त्याच्यासाठी ठेवतात. तिच्या मानाकरिता भांडण होत नाही, कारण तिच्यावर जिवंत माणसांपैकी कुणाचाच हक्क नसतो.

जे लोक आज कुठल्याही देशात, कुठल्याही धर्मग्रंथाच्या नावाने दुसऱ्याची शेतं आणि घरं घेतात, त्यांना उत्तर द्यायला वेगळं पुस्तक शोधायची गरज नाही. यहुदी नबींनी ते आपल्याच राजांना देऊन ठेवलं आहे. आणि याच नबींच्या पुस्तकात, यशयाच्या ४४ व्या अध्यायात, परक्या इराणच्या कोरेश राजाला देवाचा मेंढपाळ म्हटलं आहे, कारण त्याच्या हातून कैदी घरी परतणार होते. मेंढपाळाची जात नबींनी पाहिली नाही.

धष्टपुष्ट मेंढ्या

यहेज्केलच्या त्या अध्यायाचा उत्तरार्ध मी आधी चाळून सोडला होता. मेंढपाळांचा निकाल लावून झाल्यावर नबी कळपाकडेच वळतो. तो म्हणतो, देव आता मेंढी आणि मेंढी यांच्यातही न्याय करणार आहे. लठ्ठ मेंढ्यांनी चांगलं कुरण खाल्लं आणि उरलेलं पायाखाली तुडवलं, स्वच्छ पाणी प्यायलं आणि उरलेलं खुरांनी गढूळ केलं. अशक्त मेंढ्यांना ते तुडवलेलं खावं लागतं, ते गढूळ प्यावं लागतं.

आमच्या मोहल्ल्यात सकाळी तासभर नळाला पाणी येतं. वरच्या अंगाच्या घरांनी लाइनला थेट मोटर लावली आहे. खाडीकडच्या शेवटच्या सात-आठ घरांना धार बारीक येते, आणि मोटरी ओढू लागल्या की गाळ येतो. मी जमातीचा सहा वर्षं खजिनदार होतो. माझ्याही घराला मोटर होती. मुतवल्ली कसे असावेत यावर मी या जागी दोन लेख लिहिले आहेत, ते लिहिताना खाली मोटरचा आवाज येत असे.

मोटर काढली. आईने आठवडाभर बोलणी दिली, टाकी अर्धीच भरत होती. निवडणुकीआधीच्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा दोन्ही पॅनल पहिल्यांदाच एकमताने गप्प बसली. उमेदवारांपैकी बहुतेकांची घरं वरच्या अंगाला होती. निवडणूक झाली, एक पॅनल आलं, तेही वाईट नाही. आतापर्यंत आणखी तीन घरांनी मोटर काढली आहे. खाडीकडच्या शेवटच्या घरातल्या चाचींना परवा विचारलं. म्हणाल्या, "गाळ कमी झालाय बेटा, पण हंडा भरायला अजून अर्धा तास लागतो."

काकांचं बायबल परत द्यायला गेलो तर ते म्हणाले, राहू दे तुझ्याकडे, माझी मुलं तिकडे गेली, त्यांना मराठी वाचता येत नाही. ३४ व्या अध्यायात आता बसच्या तिकिटांबरोबर ते हँडबिलही घडी घालून ठेवलं आहे. तुमच्या जमातीत असं हँडबिल आलं, तर वाटणाऱ्याला हदीसचा राहिलेला अर्धा भाग जरूर विचारा. आणि घरी जाऊन आपली मोटर कुठे लावली आहे तेही एकदा पाहा.